हो म्हणणाऱ्या गावातली रुबिनेम

रुबिनेमबद्दल बरं बोलणारा माणूस आमच्या गावात तुम्हाला मिळायचा नाही. तोंडाळ बाई, हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हाताऱ्या माणसापुढून जाताना कंबरेत वाकत नाही, अशी तिची ख्याती. त्यात मीही भर घालायचो. आता कुणी तसं बोललं की माझंच डोकं फिरतं. ते लोकांना चालत नाही, कारण आमच्या जावा बेटात डोकं फिरलं तरी चेहरा हसराच ठेवायचा असतो. मी नाही ठेवत. छप्पन्न वर्षांचा आहे मी, आणि त्यातली पंचावन्न वर्षं हसऱ्या चेहऱ्यानं काढली. त्यापायी काय झालं तेच सांगायला बसलोय.

मी दार्सोनो. इथल्या आरोग्य केंद्रात कंपाउंडर आहे. मलमपट्टी, इंजेक्शनं, औषधाच्या कपाटाच्या किल्ल्या, सगळं माझ्याकडे. डॉक्टर येतात, दोन वर्षांत बदली करून घेतात आणि जातात. मी आहे तिथेच. गाव कौलांच्या भट्ट्यांचं. एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे भट्ट्या आणि मध्ये कौलांच्या थप्प्या. थप्पीत उंदीर आणि पाली, त्यांच्या मागावर साप. त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा तरी साप चावलेला कुणी ना कुणी आमच्या बाकावर येऊन बसतोच.

केंद्राच्या फाटकाशी म्बोक रुबिनेमची पेचेलची टपरी होती. वयानं मोठ्या बाईला आम्ही म्बोक म्हणतो, मोठ्या पुरुषाला पाक. उकडलेला पाला, मोड आलेली कडधान्यं, गरम भात, वर शेंगदाण्याची झणझणीत चटणी आणि कडेला तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. चटणी ती गिऱ्हाइकासमोर दगडावर वाटायची आणि वाटताना गिऱ्हाइकालाच झापायची. "तिखट किती?" असं तिनं विचारलं आणि समोरचा "तुम्ही घालाल तेवढं" म्हणाला, की संपलंच. "जीभ माझी आहे का तुझी? मिरच्या किती ते तुझ्या तोंडानं सांग." लोक ओशाळून हसायचे आणि आकडा सांगायचे. चटणी मात्र अशी व्हायची की शिव्या खाऊनही माणसं परत यायची.

ती इथली नव्हे. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरची. तिकडची बोली आखूड आणि सरळ. मानाचे शब्द वेगळे, घरचे वेगळे, असलं काही नाही. आमच्या लोकांना ती बोली ऐकली की हसू येतं. तिच्या गावात सापांची कातडी काढण्याचे वाडे होते. अकराव्या वर्षापासून ती तिथे कामाला. पोती यायची, पोत्यात सगळ्या जातींची मिसळ, निम्मे साप जिवंत. पोरींनी ते जातवार वेगळे करायचे, मग पुढे कातडं सोलणारे बसलेले. डाव्या हातात मान धरायची आणि उजव्या हाताचा अंगठा पोटाखालून थेट शेपटीच्या टोकापर्यंत न्यायचा. रंगाकडे बघायचंच नाही.

"रंग बघणारी पोरगी आमच्याकडे आठवडाभर टिकायची नाही," ती मला सांगायची. "कात टाकायच्या आधी एक रंग, टाकल्यावर दुसरा, मेल्यावर तिसरा. खवल्याचं तसं नसतं. खवला जन्माला येतो तसाच मरतो."

पंधरा वर्षं तिनं हे केलं. मग आमच्या गावच्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून इथे आली. चार वर्षांत नवरा वारला, सासरच्यांनी तिला वेगळं काढलं, तिनं टपरी टाकली. एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्याहून जास्त मी विचारलं नव्हतं.

आता साप ओळखायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो. आमच्याकडे दोन साप असे आहेत की एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. एक वेलिंग. ही मण्यारच, काळे-पांढरे पट्टे असलेली. रात्री अंथरुणात शिरते, चावते, आणि चावलेल्या माणसाला डास चावल्याइतकंही कळत नाही. सूज नाही, ठणका नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, मग जीभ जड होते, मग छाती हलायची थांबते. तिच्यावर लागू पडेल असं औषध आमच्या कपाटात नाही. माणूस वाचतो तो एकाच उपायानं. छाती थांबायच्या आत त्याला जोग्जा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन श्वासाच्या यंत्रावर घालायचं. दुसरा साप कवड्याच्या जातीचा. तेच पट्टे, तीच जाडी. हा बिचारा पाली खातो. चावला तर साबणानं धुवायचं आणि कामाला लागायचं.

म्हणजे एकाच्या वेळी गाडी काढायची, दुसऱ्याच्या वेळी घरी पाठवायचं. मध्यम मार्ग नाही. आणि आमचे लोक साप घेऊन येतात तो डोकं ठेचूनच. फावड्यानं इतकं ठेचतात की पुढचा वीतभर भाग नुसता चोथा असतो.

मग मी फाटकावरून रुबिनेमला आत बोलवायचो; तिला डोकं लागायचं नाही. शेपटी उलटी करायची. खालच्या अंगाला खवल्यांची एकेरी रांग असली तर वेलिंग, दुहेरी असली तर कवड्या. मग खात्रीसाठी पाठीवरून अंगठा फिरवायचा. वेलिंगच्या कण्यावरून मोठ्या सहाकोनी खवल्यांची एक रांग जाते, ती बोटाला लागतेच. कवड्याची पाठ सगळी सारखी. तीन मिनिटांचं काम. डोळे मिटूनही ती करायची, हात चटणीनं भरलेले असले तर कोपरानं घाम पुसून करायची.

साप पळून गेला असेल तर मात्र पंचाईत. मग चावलेल्यालाच विचारावं लागतं, आणि इथेच आमचा सत्यानाश आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. इंग्गिह म्हणतात. म्हणजे होय, मानानं म्हटलेलं होय. डॉक्टरांनी विचारलं, हिरवा होता का? इंग्गिह. पट्ट्यांचा होता का? इंग्गिह. मी एका म्हाताऱ्याला एकाच दमात नाग, अजगर आणि पाणसाप अशा तिघांना इंग्गिह म्हणताना ऐकलंय. तो खोटं बोलत नव्हता. डॉक्टर इतक्या आपुलकीनं विचारतायत, त्यांना हिरमुसलं कशाला करा, एवढंच त्याच्या मनात. पाय सुजून भोपळा झालेला, आणि काळजी कुणाची, तर डॉक्टरांच्या मनाची.

रुबिनेमनं यावर तोड काढली होती. मलमपट्टीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांमध्ये स्पिरिटात घातलेले अकरा साप तिनं नऊ वर्षांत जमवले होते. साप चावलेला माणूस आला की त्या बरण्या ती बाकावर ओळीनं मांडायची, दर वेळी क्रम बदलून. मग म्हणायची, "बोट ठेव." आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मलाही भिंतीकडे वळवायची.

"आपलं तोंड दिसलं की आपल्या तोंडावर काय हवंय ते वाचतात हरामखोर," ती म्हणायची. "भिंतीला कोण इंग्गिह म्हणेल?"

मला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग तिच्या या पद्धतीनं चौदा माणसं वेळेत जोग्जाला पोचली. चौदा. मी कपाटाच्या आतल्या दारावर खडूनं रेघा मारल्या होत्या. त्यातल्या एकानंही तिला टपरीवर येऊन दोन शब्द बरे म्हटले नाहीत. "जरा ओरडते हो ती," एवढंच.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर लारास आल्या. सेमारांगच्या, पोरसवदा, कामाला वाघ. मनानं चांगली मुलगी, हे मी आजही म्हणेन. पण आल्याच्या तिसऱ्या महिन्यात गावप्रमुखाचे सासरे पाय धरून आले. साप चावलेला. डॉक्टर काही विचारायच्या आत रुबिनेम बरण्या घेऊन आत. म्हातारबोवा प्रत्येक बरणीसमोर मान डोलवायला लागले. रुबिनेम भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजोबा, मान हलवू नका, मला डोळे पाठीत नाहीत. बोट ठेवा. एकच बोट, एकच बरणी. आयुष्यात एकदा तरी काहीतरी एकच सांगा."

म्हातारे हसले. बाकावरचे सगळे हसले. दुसऱ्या दिवशी गावप्रमुख डॉक्टरांकडे चहाला येऊन बसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि जाता जाता म्हणाले की हल्ली केंद्रात आत कुणीही येतं, नाही का. आमच्याकडे तक्रार अशी करतात.

"पाक दार्सो," डॉक्टर मला म्हणाल्या, "त्या टपरीवाल्या बाईंनी आत येऊ नये असं मला वाटतं. आपलं आरोग्य केंद्र आहे शेवटी. तुम्हाला पटतंय ना?"

पटत नव्हतं. चौदा रेघा कपाटाच्या आत होत्या, दार उघडून दाखवायचा अवकाश. मी म्हणालो, "इंग्गिह, डॉक."

रुबिनेमला सांगायला मीच गेलो. ती तेंपे तळत होती.

"आणि तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"मला काय वाटणार, म्बोक. वरून सांगितलंय."

"म्हणजे काहीच वाटत नाही. स्वतःची नाडी तपासलीस का रे हल्ली? जिवंत आहेस ना?"

"रागावू नका."

"रागावू नको? तू राग कुठे ठेवतोस ते मला दाखव एकदा. कपाटात कुलूप लावून ठेवतोस का?"

दोन दिवसांनी तिनं टपरी उचलली आणि बाजारात नेली, दोन किलोमीटरवर. माझ्याशी बोलली नाही. बरण्या मागे राहिल्या. डॉक्टरांनी त्या नीट पुसून, चिठ्ठ्या लावून खिडकीत मांडल्या. छान दिसायच्या.

आता वागिरानचं. ऑगस्टमधली सकाळ, साडेसहा वाजलेले. वागिरान म्हणजे भट्टीवरचा कामगार. चाळीस वर्षांचा, दोन मुली. गावात त्याच्याइतका सभ्य माणूस नाही असं सगळे म्हणायचे. भट्टी पेटलेली असली की तो तिथेच चटई टाकून झोपायचा. पहाटे मनगटाशी काहीतरी गारसं लागलं म्हणून जागा झाला, तर साप. फावड्यानं मारला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सायकलवर टांग मारून आला. डोकं अर्थातच ठेचलेलं.

"माफ करा हां, सकाळी सकाळी त्रास दिला," हे त्याचं पहिलं वाक्य. बाकावर सतरा-अठरा माणसं बसलेली. तो शेवटी जाऊन बसला. मी त्याला हाताला धरून पुढे आणला तर बाकीच्यांची माफी मागत आला.

डॉक्टरांनी मनगट बघितलं. दोन टाचण्या टोचल्यासारख्या खुणा. "दुखतंय?"

"नाही, डॉक."

हे तो खरं बोलला. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेलं 'नाही' एवढं एकच.

डॉक्टरांनी फोनवर दोन फोटो उघडले, एक वेलिंगचा, एक कवड्याचा. फोटो बघत, पिशवीत बघत त्या म्हणाल्या, "दोन्ही सारखेच दिसतात हो. डोकं असतं तर सांगता आलं असतं. सूज नाही, दुखत नाही... कवड्या असणार. वागिरान, भिंतीवर पाली धरतो ना, तो साप माहितीये? तोच होता ना हा?"

"इंग्गिह, डॉक."

"आधी पाहिलाय ना असा, घरात?"

"इंग्गिह."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाक दार्सो, तुमचा तर इतक्या वर्षांचा अनुभव. कवड्याच ना?"

त्या वेळी साप माझ्या हातात होता. शेपटी डाव्या हातात, अंगठा खाली. खवल्यांची एकेरी रांग. मी पाठीवरून बोट नेलं. मोठे खवले, एकामागोमाग एक, बोटाला लागत गेले. मला शंका नव्हती. हे मी नीट सांगतोय, कारण पुढे लोकांनी मला वाचवायला खूप गोष्टी रचल्या. मला शंका नव्हती. नऊ वर्षं रुबिनेमशेजारी उभा राहून मी ती शेपटी शिकलो होतो. ती वेलिंग होती.

"इंग्गिह, डॉक," मी म्हणालो.

का? नोकरी जाईल म्हणून नव्हे; कंपाउंडरची नोकरी असल्या कारणानं जात नाही. मी डॉक्टरला घाबरतो म्हणून नव्हे; माझ्या मुलीच्या वयाची आहे ती. बाकावर अठरा माणसं बघत होती. त्यांच्यासमोर मी नाही म्हटलं असतं तर तिचा चेहरा उतरला असता. एवढंच. एका मुलीचा चेहरा अर्धा मिनिट उतरू नये म्हणून मी दोन मुलींच्या बापाला घरी पाठवला. सायकलवरून. तो जाताना वळून पुन्हा म्हणाला, "त्रास दिला हां."

आणि माझ्या मनात काय होतं ते ऐका. मनात होतं, गर्दी ओसरली की डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगू. चहा देऊ, हवापाण्याचं बोलू, मग हळूच म्हणू की शेपटीकडे एकदा बघता का. आमच्याकडे मोठ्यांची चूक दाखवायची रीत ही आहे, एकांतात आणि आडवळणानं. लहानपणापासून अंगात मुरलेली. वेलिंगला ही रीत ठाऊक नसते. गर्दी ओसरली दहा वाजता. चहा ओतेपर्यंत डॉक्टर तालुक्याच्या बैठकीला निघून गेल्या होत्या.

मग मी पिशवी घेतली आणि मोटरसायकल काढून बाजारात रुबिनेमकडे गेलो. लोक म्हणतात, दार्सोनो खात्री करायला गेला. खोटं आहे ते. खात्री मला होती. मला माझ्याऐवजी नाही म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

सव्वा वर्षानं तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, पिशवीकडे बघितलं. हात लुगड्याला पुसून शेपटी ओढून काढली, अंगठा फिरवला.

"कुणाला?"

"वागिरानला."

"जोग्जाला कधी नेला?"

मी पिशवीची घडी घालायला लागलो.

"दार्सो, तुला विचारतेय. कधी नेला?"

"घरी आहे."

तिनं साप खाली ठेवला. "तू हात लावला होतास याला?"

"हो."

"कधी?"

"सकाळी."

मला वाटलं ती ओरडेल. सगळा बाजार तिच्या ओरडण्याला सरावलेला. ती ओरडली नाही. चुलीवरचा भात तसाच टाकला, शेजारच्या भाजीवालीला बघ एवढंच म्हणाली आणि माझ्या मागे बसली. वाटेत मी केंद्राच्या गाडीवाल्याला फोन केला. पूर्ण रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं तिच्या ओरडण्याला मी उगाच भीत होतो.

वागिरानच्या घरी त्याची बायको सुतियाह हसत बाहेर आली. "या, बसा, चहा टाकते." तो आत चटईवर पडला होता. "खूप झोप येतेय म्हणाला. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय ना." दोघी मुली शाळेत होत्या.

रुबिनेम त्याच्याशी बसली. तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. सोडली तशी ती पडली. "वागिरान, जीभ दाखव." त्याची जीभ ओठांपर्यंत आली आणि थांबली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ चटईवर.

"छातीत काय होतंय ते सांग मला. बरं आहे असं म्हणू नकोस."

तो काहीतरी म्हणाला. नाकातून, तुटक. रुबिनेमनं कान तोंडाशी नेला. मी विचारलं, काय म्हणतोय.

"बरं आहे म्हणतोय," ती म्हणाली. आणि मग ती ओरडली. त्याच्यावर, सुतियाहवर, माझ्यावर, गावावर. "मरतोयस तू, गाढवा. मरताना तरी तक्रार कर कुणाकडे तरी."

गाडी आली तेव्हा पावणेबारा झाले होते. चाळीस किलोमीटर. पुलाच्या अलीकडे त्याची छाती थांबली. मी तोंडावर रबरी पिशवी लावून दाबत राहिलो, बोटं वळली तरी दाबत राहिलो. रुबिनेम त्याचं डोकं धरून होती. मोठ्या दवाखान्याच्या तीन चौक आधी त्याचं हृदय थांबलं. डॉक्टर लारास बैठकीतून परस्पर तिथे पोचल्या होत्या. त्या गाडीच्या दाराशी उभ्या होत्या.

सातव्या दिवशीचे विधी झाले आणि आठव्या दिवशी जिल्ह्याहून चौकशीला एक साहेब आले. केंद्राच्या ओसरीवर खुर्च्या टाकल्या. साहेब, डॉक्टर, गावप्रमुख, मी. सुतियाहलाही बोलावलं होतं. ती विधीच्या भाताचा डबा घेऊन आली, डॉक्टरांसाठी, आभार म्हणून. नवरा मारल्याबद्दल आभार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आग तिच्यावर नव्हती.

साहेबांनी आधीच लिहून आणलं होतं. ते वाचू लागले. "सापाचं डोकं ठेचलेलं असल्यामुळे त्याची जात ओळखता आली नाही. लक्षणंही नव्हती. बरोबर ना, प्रमुख?"

"इंग्गिह."

"बाई, तुमची काही तक्रार नाही ना? नशिबाची गोष्ट."

"इंग्गिह, पाक," सुतियाह म्हणाली, आणि हसली. आमचं ते हसू.

डॉक्टर लारास खाली बघत होत्या. त्यांना काही बोलायचं होतं, पण साहेब मोठे होते.

"पाक दार्सोनो, तुम्हीही साप बघितला. ओळखणं शक्य नव्हतं, हो ना?"

कागद पुढे सरकवलेला, वर पेन. इतकं सोपं करून दिलं होतं सगळ्यांनी माझ्यासाठी.

"नाही," मी म्हणालो. "शक्य होतं. मी ओळखला होता. हातात धरल्या धरल्या ओळखला होता. डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी खोटं सांगितलं."

गावप्रमुखांनी घसा खाकरला. साहेब म्हणाले, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. मी ते वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणालो. मग त्यांना लिहावं लागलं.

सुतियाहच्या चेहऱ्यावरचं हसू बराच वेळ तसंच राहिलं. तिला ते काढायचं कसं हे कळत नव्हतं. मग ते आपोआप गेलं. तिनं डबा मांडीवर घट्ट धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ती उठली आणि डबा घेऊन घरी गेली. गावप्रमुखांना ते फार खटकलं, आणलेला डबा परत नेणं. मला आयुष्यात कुणाचं वागणं इतकं रास्त वाटलं नाही.

माझी पगारवाढ थांबवली, ती गोष्ट सोडा. डॉक्टर लारासनी बदली मागितली नाही. त्याच आठवड्यात त्या बाजारात जाऊन रुबिनेमसमोर उकिडव्या बसल्या आणि शेपटी कशी बघायची ते शिकवा म्हणाल्या. रुबिनेम त्यांना तासभर बोल बोल बोलली, मग हात धुवून घेतले आणि त्यांचा अंगठा पकडून मेलेल्या सापावर ठेवला. "रंग बघितलास तर याद राख," ती म्हणाली. डॉक्टरांनी इंग्गिह म्हटलं आणि त्याबद्दल पुन्हा शिव्या खाल्ल्या.

मी तिच्याकडे गेलो तो चौकशीच्या संध्याकाळी. गिऱ्हाईक नव्हतं. साहेबांसमोर काय बोललो ते सगळं सांगितलं. खरं सांगतो, मला वाटत होतं ती म्हणेल, शाब्बास. निदान चटणी तरी वाटेल.

"आज बोललास," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी सकाळी साडेसहाला बोलायचं होतंस. आज कुणासाठी बोललास? वागिरान तर पुरला."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठावं. ती दगडावरचं वाटण काढत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली, इतक्या हळू की तिचा आवाजच वाटेना.

"माझ्या माणसाला काय झालं होतं, कधी विचारलंस?"

"ताप आला होता म्हणतात."

"वेलिंग होती. मी पिशवीत हात घालून शेपटी बघितली होती. तुझ्याच त्या खोलीत, तू यायच्या आधी. तेव्हाच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना विचारलं, साधाच ना? सासरे इंग्गिह म्हणाले. मी त्यांच्या मागे उभी होते. परगावची सून. सासऱ्यांच्या वर कशी बोलू?" तिनं हात पाण्यात बुडवले आणि तसेच ठेवले. "दुपारपर्यंत मी त्याच्या उशाशी बसले होते, दार्सो. पापण्या पडताना बघत. एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून ओरडतेच आहे मी. त्याला काही ऐकू जात नाही."